प्रत

माशेलच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
तिथं आजवर कितीतरी हरवलेले छापले:
एक वेडसर म्हातारा, दोन मुली, एकदा कुणाची तरी म्हैस.
हरवल्याच्या कागदाचे पैसे मी घेत नाही.
आता माझाच कागद काचेवर पालथा घातला
आणि झाकण लावताना हात थांबला.

नरकासुराच्या रात्री पळाला.
चौकात वीस फुटी असुर, पोटात सुतळी बॉम्ब,
ट्रकभर स्पीकर,
आणि पहाटे चारला सगळं एकदम पेटलं तेव्हा
मी दाराची कडी न लावता बघायला गेलो होतो.
एवढंच. कडी.
शेजारी कारीट फोडत होते, फोव खात होते,
मी वाड्यावाड्यांतून ओरडत फिरत होतो,
"खतखत्या! खतखत्या!"
दिवाळीच्या सकाळी भाजीला हाका मारणारा माणूस.

पाच रंगांचा, म्हणून खतखतं.
पाठ नाचणीची, पोट नारळाच्या रसाचं,
एक कान गुळाचा, एक राखेचा
आणि शेपटीच्या टोकाला तिरफळाएवढा काळा ठिपका.
मशीन म्हणालं, काळा आणि पांढरा, बस्स.
त्यात टोनर संपत आलेला.
चारशे प्रती काढल्या.
एकीतही तो नव्हता.

गुरुवारी बाणस्तारीच्या बाजारात
एका मासेवालीनं कागद लांब धरून पाहिला.
"हो तर आमगेलो राजा!
बांगड्याची तकली खातो, शेपटी सोडतो."
घरी आम्ही त्याला वरणभात घालायचो.
इनास पोदेर सायकलवरून न उतरताच म्हणाला,
"बॉस? रोज पहाटे खांडोळ्यापर्यंत येतो माझ्याबरोबर.
उंडो नको त्याला, पोयी पाहिजे. गरम."
तारीवरच्या दारूच्या दुकानात तो मंत्री होता.
का, विचारलं, तर म्हणे, येतो, बसतो, काही करत नाही.
सगळे हसले. मीही हसलो.
बाहेर येऊन बराच वेळ स्कूटर सुरू केली नाही.
सहा वर्षं मला वाटत होतं
तो दिवसभर माझ्या पायरीवर झोपून असतो.

कुणीतरी कुंभारजुव्याच्या खाडीकडे बोट दाखवलं.
खाजनाच्या बांधावर मगर ऊन खात पडली होती, तोंड उघडं टाकून.
मी तिच्या पोटाकडे बघत राहिलो, फुगलंय का.
मगरीचं रोजचं पोट कसं असतं,
मला काय ठाऊक.

अकराव्या दिवशी फोन आला. जुव्याहून.
पिएदाद नावाची बाई.
"तो तुझा नव्हे रे. आमचो साबाद तो."
दर शनिवारी येतो, चार वर्षं, म्हणून साबाद.
नवऱ्याच्या खुर्चीखाली बसतो,
खुर्चीत आता कुणी नसतं,
ती भेंड्यांच्या जुड्या बांधते, दिवेलागणीला तो उठतो.
येतो कसा, पोहत की पुलावरून,
तिनं कधी विचारलं नव्हतं.
"ह्या शनिवारी आला नाही," ती म्हणाली,
"म्हणून तुझा कागद परत वाचला."

पुढच्या शनिवारी तिच्या पायरीवर दोघं बसलो.
तिनं सवयीनं ताट काढलं, पेजेत कालवलेली सुंगटं.
ती म्हणाली, "साबाद!"
मी म्हणालो, "खतखत्या!"
मग, कोण जाणे का,
मीही एकदा साबाद म्हणून पाहिलं.

माडांमागं झावळी वाजली.
एक कुत्रा आला.
काळा आणि पांढरा, तिसरा रंग नाही,
कडा पुसट,
थेट माझ्या कागदावरचा.
उभा राहिला. ताटाकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं.

पिएदाद माझ्याकडे बघत होती.
मी काही बोललो नाही.
तिनं पायानं ताट थोडं पुढं सरकवलं.